बेटावरची शांतता आणि घरातला अबोला



आज सामान्य काळातील एकोणिसावा रविवार. पहिल्या वाचनात एलिया संदेष्टा होरेब डोंगरावर आहे आणि शुभवर्तमानात प्रभू येशू लोकांना निरोप देऊन एकटाच डोंगरावर गेला आहे. दोन्ही ठिकाणी डोंगर, दोन्ही ठिकाणी एकटा माणूस. मुरुडच्या माणसाला हे चित्र डोळ्यांसमोर आणणे जरा कठीणच जाते. लातूरच्या रस्त्याने जा की ढोकीच्या, दोन्ही अंगांना काळे रान, सोयाबीन, ऊस, तूर आणि बांधावर एखादी बाभूळ. चढ म्हणजे काय हे बैलगाडीच्या काळात बैलांना ठाऊक होते, आता मोटारसायकलला कळतही नाही.

पण आपला जिल्हा अगदीच सपाट नाही. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथ गावाजवळ एक टेकडी आहे. तिला टेकडी कोणी म्हणत नाही, बेट म्हणतात. संजीवनी बेट. उदगीर तालुक्यात देवर्जनजवळ दुसरे आहे, हत्तीबेट. तिथे खडकात कोरलेली लेणी आहेत, गंगाराम महाराजांची समाधी आहे आणि निजामाच्या राजवटीत रझाकारांशी लढणाऱ्यांना त्या बेटाने आसरा दिला होता. चहूबाजूंनी पाणी असते ते बेट, असे आपण भूगोलात शिकलो. इथे पाणी कुठले? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ती गाडी आपल्या मुरुड स्टेशनातूनच पुढे गेली. अशा जिल्ह्यात दोन-दोन बेटे! बांबूच्या पुंजक्यालाही आपण बेट म्हणतो, त्यावरून हे नाव पडले असेल किंवा सपाट रानात ती टेकडी लांबून बेटासारखी दिसते म्हणूनही असेल. मला दुसरे कारण आवडते. पावसाळ्यात सोयाबीनचे हिरवे रान वाऱ्याने हलत असते आणि त्याच्या मधोमध ती टेकडी स्थिर उभी असते. तेव्हा वाटते, ज्याने नाव ठेवले त्याला समुद्र पाहायची गरजच पडली नसेल.

वडवळचे बेट उंचीने फार नाही, सहा-साडेसहाशे फूट. झाडपाल्यासाठी मात्र त्याची ख्याती मोठी. हनुमंत द्रोणागिरी घेऊन जात असताना त्याचा एक तुकडा इथे पडला, असे लोक सांगतात. सप्टेंबरच्या मध्यावर उत्तरा नक्षत्र लागले की दूरदूरहून आजारी माणसे इथल्या वनौषधींसाठी येतात. ही कथा आपल्या श्रद्धेतली नाही. पण बरे होण्याच्या आशेने कोणी डोंगर चढत असेल तर त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. प्रभूच्या वस्त्राच्या काठाला शिवण्यासाठी गर्दीत धडपडणारी बाई आपल्याच शुभवर्तमानात आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आपल्या युवक-युवतींबरोबर मी या बेटावर चढलो. खालून निघालो तेव्हा नुसता कल्ला होता. एकाच्या मोबाइलवर गाणी, दोघींचे फोटो काढणे चाललेले, मागून सारखे, "फादर, किती राहिलं?" पायवाट तरवडाच्या झुडपांतून वर जाते. कमरेइतकी झुडपे, पिवळी फुले, मध्येच रानतुळशीचा वास आणि कपड्यांना चिकटणारी कुसळे. निम्म्यावर आलो आणि कोणी न सांगता सगळे आवाज बंद झाले. कारण आध्यात्मिक नव्हते, दम लागला होता. वर पोहोचलो तेव्हा वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हते. मग हळूहळू कान जागे झाले. खाली कुठेतरी शेरडाच्या गळ्यातली घंटा, त्याहून लांब एस.टी.चा हॉर्न. अर्धा तास कोणी बोलायचे नाही, असे ठरले होते. दहाच मिनिटांनी एक जण म्हणाला, "फादर, इथं तर काहीच नाही."

मला त्याचा राग आला नाही. एलियाला तरी होरेबवर सुरुवातीला काय सापडले? आणि तो तिथे गेलाच का? हे आजच्या वाचनात येत नाही, त्याच्या आधीच्या ओळींत आहे. आज घरी गेल्यावर राजांचे पहिले पुस्तक उघडा आणि एकोणिसावा अध्याय अगदी पहिल्या ओळीपासून वाचा. ईजबेल राणीने त्याला ठार मारण्याची शपथ घेतली होती. तो जीव घेऊन पळाला. रानात एक दिवसाची वाट चालून गेला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला की आता पुरे झाले, मला मरण दे. मग तिथेच आडवा झाला. कार्मेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरला, तो हा संदेष्टा!

देवाने काय केले पाहा. एवढा मोठा संदेष्टा असून असे बोलतोस, म्हणून त्याची कानउघाडणी केली नाही. विश्वासावर प्रवचनही दिले नाही. देवदूताने त्याला हात लावून जागे केले आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवले. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवाने झोपू दिले. मग पुन्हा उठवले, पुन्हा खाऊ घातले, कारण पुढची वाट लांबची होती. त्यानंतर चाळीस दिवसांची चाल आणि मग होरेब.

तिथे आधी सोसाट्याचा वारा आला, मग भूकंप, मग अग्नी. लातूर जिल्ह्यात वेदीजवळ उभे राहून हे वाचन ऐकताना त्यातल्या एका शब्दाशी माझे मन दरवेळी थांबते. तुमचेही थांबत असेल. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांतली घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी तीच घरे त्या पहाटे माणसांवर कोसळली. सरकारी नोंदीप्रमाणे आठ हजारांच्या जवळपास माणसे गेली. त्यानंतर, ही देवाची शिक्षा आहे, असे म्हणणारे कितीतरी भेटले. आजही भेटतात. आजचे पहिले वाचन त्यांना स्पष्ट उत्तर देते. देव त्या भूकंपात नव्हता. पवित्र शास्त्र हे इतक्या सरळ शब्दांत सांगते की त्यावर भाष्य करायची गरज नाही.

मग तो होता कुठे? माझ्या आधीच्या एका धर्मग्रामात औशाकडची एक आजी होती. त्या पहाटे तिची दोन नातवंडे गेली. ती सांगायची की सुरुवातीचे काही दिवस गाड्यांची रीघ लागली होती. ब्लँकेटे आली, भांडी आली, पुढारी आले, कॅमेरे आले. प्रत्येक जण विचारायचा, "घरातले किती गेले?" आणि आकडा लिहून घेऊन पुढे जायचा. मग एक दिवस एक धर्मभगिनी आली. पत्र्याच्या शेडमध्ये आजीच्या शेजारी बसली आणि काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही आली आणि सुपात ज्वारी घेऊन निवडत बसली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी आजीच बोलायला लागली. नातवंडांची नावे सांगितली. थोरल्याला गूळ-शेंगदाणे किती आवडायचे ते सांगितले, धाकटी झोपेत हसायची ते सांगितले. आजी म्हणायची, "बाई गप बसली म्हणून मला बोलता आलं."

होरेबवर अग्नीनंतर जे आले त्याला आपण मंद, शांत वाणी म्हणतो. मूळ हिब्रू शब्द आहेत 'कोल दममा दक्का'. शब्दशः अर्थ, बारीक शांततेचा आवाज. शांततेला आवाज कसा असेल? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्ही यावर रात्री जागून वाद घालायचो. प्रकाश नसणे म्हणजे अंधार, तसे आवाज नसणे म्हणजे शांतता, ही सोपी व्याख्या. संत ऑगस्टीनने वाईटाविषयी असेच सांगितले आहे, की ती स्वतंत्र वस्तू नाही, चांगल्याचा अभाव आहे. वाईटाला ते लागू पडते. शांततेला पडत नाही, हे मला पुस्तकांतून कळले नाही, त्या आजीकडून कळले. त्या शेडमधली शांतता रिकामी नव्हती. तिच्यात कोणीतरी ऐकत होते.

म्हणूनच देव एलियाला त्या डोंगरावर उपदेश करण्याआधी प्रश्न विचारतो, तू इथे काय करतो आहेस? एकदा वाऱ्याच्या आधी विचारतो आणि एकदा सगळे शांत झाल्यावर. एलिया दोन्ही वेळा तेच सांगतो, शब्दांचाही फरक नाही. मी एवढे केले, लोकांनी हे असे केले, मी एकटा उरलो, आता माझ्याही जिवावर उठले आहेत. वाचताना वाटते, पुन्हा तेच गाऱ्हाणे? पण ज्यांच्या घरी दुःख झाले आहे त्यांना ठाऊक आहे, दुःख नवीन वाक्ये शोधत बसत नाही. तेच ते पुन्हा सांगावे लागते. देवाने दोन्ही वेळा ऐकून घेतले. मग त्याला परत पाठवले, हजाएल, येहू आणि अलीशा यांना अभिषेक करण्याचे काम सांगितले आणि जाता जाता हेही कळवले की तू एकटा नाहीस, इस्राएलात माझे आणखी सात हजार आहेत.

मराठीत शांतता आणि अबोला असे दोन वेगळे शब्द आहेत हे फार बरे आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. त्या दिवशी बेटावरून उतरताना एक मुलगा माझ्या बाजूने चालू लागला. बराच वेळ नुसताच चालला. मग म्हणाला, "फादर, आमच्या घरी पण अशीच शांतता हाय. पप्पा तीन महिने झाले, कुणाशी बोलंना गेलेत." हे इथे लिहायला त्याने आणि त्याच्या वडिलांनीही होकार दिला आहे. ते घर कोणते याचा शोध घेऊ नका, कारण असे घर एकच नाही. सोयाबीनचा भाव पडतो, सोसायटीचे कर्ज थकते, मुलीचे लग्न ठरता ठरता मोडते आणि घरचा कर्ता माणूस गप्प होतो. वेळेवर जेवतो, रानात जातो, रविवारी मिस्सालाही येतो आणि मागच्या रांगेत बसतो. घरचे म्हणतात, आता शांत झालेत, पूर्वीसारखे चिडत नाहीत. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांनी ही शांतता ओळखली नाही आणि तिची किंमत मोजली. बंधू-भगिनींनो, तो होरेबवरचा एलिया नाही. तो अजून झुडपाखाली आहे.

त्याला लगेच "देवावर विश्वास ठेवा, सगळे ठीक होईल," असे सांगायला जाऊ नका. देवानेही तसे सांगितले नाही. आधी भाकर वाढा. झोप होते का ते बघा. शेजारी बसा, टी.व्ही. बंद करून बसा. आणि मग विचारा. जिवाचे काही बरेवाईट करावेसे वाटते का, असे थेट विचारायलाही भिऊ नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे, डॉक्टरही हेच सांगतात. उलट कोणीतरी विचारले, याने माणूस मोकळा होतो. आपल्याच्याने होत नसेल तर सरकारची टेली मानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर फिरवा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. हा नंबर चर्चच्या दारावर लावला आहे, घरी भिंतीवरही लिहून ठेवा. गोळ्या-औषधे घ्यावी लागली तर घ्यावीत, त्यात श्रद्धेला कमीपणा नाही. निखाऱ्यावरची ती भाकर तरी दुसरे काय होती?

शुभवर्तमानाकडे येतो. प्रभू डोंगरावर कोणत्या मनाने गेला, हेसुद्धा मत्तयने आधीच्या ओळींत सांगून ठेवले आहे. हेरोदाने स्नापक योहानाचा शिरच्छेद केल्याची बातमी त्याच दिवसांतली. ती ऐकून येशू होडीत बसून एकांतात निघाला होता. पण लोक काठाकाठाने चालत आधीच पोहोचले. त्याला त्यांचा कळवळा आला. आजाऱ्यांना बरे केले, पाच हजारांना जेवू घातले, संध्याकाळ केली. स्वतःच्या दुःखाला वेळच मिळाला नाही. आपल्याकडे बायकांचे असेच होते. घरात मयत झाली तरी पाहुण्यांचा चहा, जेवणे, मुलांची शाळा, आणि रडायचे राहूनच जाते. सगळे पांगल्यावर प्रभू एकटा डोंगरावर गेला. तिथे तो पित्याशी काय बोलला हे कोणी लिहून ठेवलेले नाही. रात्र बरीच झाली, तरी तो वरच होता.

आणि वरून त्याला काय दिसले? मार्क सांगतो की शिष्य वल्ही मारून मारून दमले आहेत, वारा समोरचा आहे, हे त्याने पाहिले. पहाटे तो त्यांच्याकडे पाण्यावरून चालत आला. डोंगरावरून खालच्या माणसांचे हाल अधिक चांगले दिसतात, निदान प्रभूला तरी दिसले.

असाच एक डोंगर खऱ्याखुऱ्या बेटावर आहे, समुद्रातल्या. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयोना नावाचे बेट आहे, लांबी पाचेक किलोमीटर, सर्वांत उंच टेकडी जेमतेम शंभर मीटर, म्हणजे आपल्या वडवळच्या बेटाहून लहान. तिकडे तरवड नाही. हेदर नावाचे गुडघ्याएवढे झुडूप असते आणि ऑगस्टमध्ये ते टेकड्या जांभळ्या फुलांनी झाकून टाकते. इसवी सन ५६३ मध्ये आयर्लंडहून संत कोलंबा तिथे आला आणि त्याने मठ स्थापला. सुमारे शंभर वर्षांनी त्याच मठाचा प्रमुख अदोम्नान याने त्याचे चरित्र लिहिले. त्यातला शेवटचा दिवस शेतकऱ्याला लगेच समजेल असा आहे. ५९७ चा जून महिना, शनिवार. म्हातारा कोलंबा आपल्या सेवकाला घेऊन आधी धान्याच्या कोठारात गेला. राशी पाहून त्याला समाधान वाटले की आपण गेल्यावर मठातल्या भावांना वर्षभर पुरेल. परत येताना वाटेत टेकला, तर मठाच्या दुधाच्या घागरी वाहणारा पांढरा घोडा आला आणि त्याच्या छातीशी डोके लावून अश्रू ढाळू लागला. सेवक त्याला हाकलू लागला. कोलंबाने त्याला थांबवले आणि घोड्याला रडू दिले. मग तो मठाच्या वरच्या छोट्या टेकडीवर चढला, दोन्ही हात वर केले आणि मठाला आशीर्वाद दिला. खाली येऊन स्तोत्रांची नक्कल करत बसला. चौतिसाव्या स्तोत्रात, देवाला शोधणाऱ्यांना काही उणे पडत नाही, अशा अर्थाच्या ओळीशी पान संपले तिथे थांबला. पुढचे दुसऱ्याने लिहावे म्हणाला. त्याच रात्री चर्चमध्ये वेदीपुढे त्याने प्राण सोडला.

मला त्यातले टेकडीवर चढणे आवडते, पण घोड्याला रडू देणे त्याहून आवडते.

आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल रोमकरांना लिहितो की माझ्या स्वतःच्या लोकांसाठी माझ्या मनात मोठे दुःख आहे आणि ते थांबत नाही. एवढा मोठा प्रेषित, आणि सगळ्या मंडळीला वाचून दाखवण्याच्या पत्रात आपले दुःख लिहून टाकतो. आपल्या पुरुषमंडळींनी हे पान नीट वाचावे अशी माझी इच्छा आहे.

त्या मुलाच्या वडिलांकडे मी नंतर चार-पाच वेळा गेलो. पहिल्या दोन खेपांना आम्ही हवापाण्यावरही बोललो नाही. ते गोठ्यात कडबा टाकत होते, मी बाजेवर बसलो होतो. तिसऱ्यांदा त्यांनी चहा सांगितला. चौथ्यांदा त्यांच्या पत्नीने दारातूनच खुणेने मला थांबवले, कारण ते मुलाशी बोलत होते. कर्ज अजून आहे. भाव अजून पडलेलाच आहे. ते दर पंधरवड्याला लातूरला डॉक्टरांकडे जातात आणि सोबत मुलगा जातो.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, उत्तरा नक्षत्राची गर्दी सुरू होण्याआधी, आपण पुन्हा संजीवनी बेटावर जाणार आहोत. सकाळी सहाची मिस्सा झाली की चर्चसमोरून गाड्या निघतील. या वेळी युवकांबरोबर त्यांच्या वडिलांनीही यावे. भाकरी, ठेचा आणि प्रत्येकी दोन बाटल्या पाणी घ्या, वर पाणी नाही. मोबाइल गाडीतच ठेवायचा. बेटावरचे एकही रोप उपटायचे नाही, ते कोणाच्या तरी औषधाचे आहे. गुडघ्यांमुळे ज्यांना चढणे जमणार नाही त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी सहा ते आठ मी चर्चच्या ओट्यावर बसलेला असेन. काही बोललेच पाहिजे असे नाही.

आपला ख्रिस्तसेवक,
धर्मगुरू